बॅटरी घेताना बनवल्याची तारीख बिलावर लिहून घ्या

संपादक महोदय, स.न.वि.वि.

मागच्या एप्रिलमध्ये आईला डोळ्याच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं म्हणून सकाळी गाडी काढायला गेलो, चावी फिरवली तर नुसतं टक टक टक. बॅटरी घेऊन जेमतेम 14 महिने झालेले. ज्या दुकानातून घेतली तिथं वॉरंटी कार्ड घेऊन गेलो तर कार्डावर तारीखच टाकलेली नाही, आणि वर मलाच म्हणतात, सोलापूरच्या उन्हात एवढीच टिकते. ऊन आहेच की, 43 डिग्रीत बॅटरीचं आयुष्य कमी होतंच, पण ती काढून बघितली तेव्हा खरं कारण कळलं. अंगावरचा कोड दुसऱ्या एका दुकानदाराने वाचून दाखवला, मला विकली तेव्हाच ती 11 महिने जुनी होती! बॅटरी वापरली नाही तरी आपोआप उतरत राहते, उन्हाळ्यात जास्तच, आणि चार्ज न करता तशीच पडून राहिली की आतल्या प्लेटांवर सल्फेट धरतं, ते मग धड निघत नाही.

म्हणून यावेळी मी पैसे देण्याआधी कोड वाचून घेतला, मीटर लावायला सांगितला (पूर्ण चार्ज बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12.4 च्या खाली असेल तर सरळ दुसरी मागा) आणि बनवल्याचा महिना बिलावर लिहून घेतला. प्लसचं टर्मिनल (केबल जोडायचा खुंट) लेफ्ट का राइट तेही बघून जा, उलट आली तर केबल पोचत नाही. अँपिअर गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच घ्या, आणि सिग्नलला आपोआप बंद होणारी गाडी असेल तर तिची बॅटरी वेगळी येते, साधी चालत नाही.

बसवली मी घरीच, दहाचा पाना पुरतो. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी, हे मात्र चुकवू नका, कारण प्लस सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि मायनस जोडलेलीच असली तर मोठी ठिणगी उडते. जुन्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट बुकटी धरलेली, तिच्यावर खायचा सोडा घातलेलं गरम पाणी टाकलं तर फसफसून निघाली, मग पुसून व्हॅसलिन लावलं. खालची क्लॅम्प आवळायला विसरू नका, आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर बॅटरी हलत राहिली की आतून तुटते. गाडी चालू करून मीटर 14 व्होल्टच्या आसपास आला म्हणजे डायनामो (गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करतो तो) पण ठीक. तेवढा आला नाही तर नवीन बॅटरी पण उतरेल, आधी डायनामो दाखवा.

शहरातल्या सगळ्या बॅटरीवाल्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, बनवल्याचा महिना बिलावर टाका आणि वॉरंटी कार्ड गिऱ्हाईकासमोर भरा, दोन मिनिटाचं काम आहे. जुनी बॅटरी मी दुकानातच देऊन तेवढे पैसे बिलातून वजा करून घेतले. भंगारवाल्याकडे दोन पैसे जास्त मिळतात म्हणून देऊ नका, बॅटरी कचऱ्याच्या 2022 च्या नियमानुसार ती अधिकृत ठिकाणीच जायला पाहिजे, आणि काही ठिकाणी आतलं ॲसिड गटारात ओततात ते मी डोळ्यांनी बघितलंय, बाजूलाच लहान मुलं खेळत होती.

आपला,
एक वाचक, जुळे सोलापूर