सोळाशेच्या तयारीत नडग्या का जातात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहाटे पाच-साडेपाचला जांबोटी रस्त्यावर, खानापूरकडच्या वाटेवर किंवा निपाणीजवळच्या सर्व्हिस रोडवर भरतीची पोरं पळताना दिसतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर बेळगावातच आहे आणि या भागात सैन्यात गेलेला माणूस जवळपास प्रत्येक गल्लीत सापडतो, त्यामुळे ही धडपड नवी नाही. पण सरावाची पद्धत पाहिली की जीव तुटतो. मोबाईलवर घड्याळ लावायचं, डांबरावर सोळाशे मीटर जीव तोडून पळायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तीन-चार आठवड्यांत यातली बरीच पोरं नडगी धरून बसतात. याबद्दल सविस्तर लिहावं असं वाटलं.

अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर ५ मिनिटं ३० सेकंदांच्या आत पळणाऱ्याला ६० गुण आणि १० बीम (आडव्या दांड्याला लटकून हनुवटी दांड्याच्या वर नेणं, म्हणजे पुल-अप) काढणाऱ्याला ४० गुण मिळतात. २०२३ पासून आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि तिच्यात निवड झाल्यावर मैदानी चाचणी, असा क्रम झाला. त्याचा परिणाम असा की पोरं महिनोन्‌महिने पुस्तकात डोकं घालून बसतात, निकाल लागला की एकदम ग्राउंडवर उतरतात, आणि हाताशी थोडेच आठवडे उरतात.

हाडाला ही घाई सोसत नाही. नवा ताण आला की शरीर हाडाचा जुना भाग आधी पोखरून काढतं आणि मग तिथं नवं हाड भरतं. पोखरायला सुमारे ३ आठवडे लागतात, भरायला ३ महिन्यांच्या आसपास. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हाड सर्वांत कच्चं असतं. नेमका त्याच सुमारास दम वाढलेला असतो, अंगात जोर आलेला असतो, आणि पोरगा वेग आणखी वाढवतो. नडगी तिथं जाते.

शिवाय रोज जोरात पळून वेळही फारशी सुधारत नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००१ मध्ये तयारीच्या धावपटूंवर मोजमाप करून दाखवलं की ८०० मीटरच्या शर्यतीत सुमारे ६६ टक्के आणि १५०० मीटरमध्ये सुमारे ८४ टक्के ऊर्जा ऑक्सिजनच्या मार्गाने येते. सोळाशेचा पाया म्हणजे दम, आणि दम वाढतो तो सावकाश पण जास्त वेळ पळण्यानं. शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल इतक्या संथ गतीनं २५ ते ४० मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस, हा सरावाचा मोठा भाग असला पाहिजे. पोरांना हे पटत नाही, कारण संथ पळल्यावर अंग मोडल्यासारखं वाटत नाही, आणि अंग मोडलं नाही तर सराव झालाच नाही असा आपल्याकडे समज आहे.

जोराचे दिवस आठवड्यातून दोनच, आणि ते कधीही लागोपाठ नकोत. पहिले चार आठवडे, हाड कच्चं असताना, तेही नकोत. त्यानंतर २०० मीटरचे ८ तुकडे, प्रत्येक ४० ते ४१ सेकंदांत, मध्ये २०० मीटर चालणं. ते जमलं की ४०० मीटरचे ५ ते ६ तुकडे, प्रत्येक ८० ते ८२ सेकंदांत, मध्ये ३ मिनिटं विश्रांती. एखादा तुकडा पहिल्यापेक्षा ३ सेकंदांहून जास्त मागे पडला तर त्या दिवशीचं काम तिथंच थांबवावं. पूर्ण सोळाशेची चाचणी दोन-तीन आठवड्यांतून एकदाच घ्यावी आणि मैदानी चाचणीआधीच्या शेवटच्या आठवड्यात मुळीच घेऊ नये.

५:३० म्हणजे ४०० मीटरची एक फेरी ८२.५ सेकंदांत. हा आकडा प्रत्येक पोराच्या पायात बसला पाहिजे. घोळक्यात सगळे एकदम सुटतात, पहिली फेरी ७० सेकंदांत जाते आणि तिसऱ्या फेरीत पाय दगड होतात. पहिल्या फेरीत मिळवलेले १२ सेकंद शेवटच्या दोन फेऱ्यांत दुपटीनं जातात. दुसरी चूक वळणावरची. दुसऱ्याच्या बाहेरून, आतल्या रेघेपासून एक मीटर जास्त लांबून पळालं तर दर फेरीला सव्वासहा मीटर वाढतात, चार फेऱ्यांत २५ मीटर. या वेगात ते ५ सेकंद झाले. पुढं जायचं असेल तर सरळ पट्ट्यात जावं, वळणावर आत राहावं.

यासाठी मोजलेलं मैदान लागतं, आणि इथं खरी अडचण आहे. मोबाईलचं अॅप वळणावर अंतर चुकवतं, आणि डांबरी रस्ता कडेला उतरता असतो, त्यामुळे रोज एकाच बाजूनं पळणाऱ्याचा एक पाय कायम खाली पडतो. ऊसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेले ट्रॅक्टर अंधारात अंगावर येतात, तो धोका वेगळाच. ४०० मीटरचा ट्रॅक गावोगाव होणार नाही, पण २०० मीटरचा आखायला ८५ बाय ४५ मीटर सपाट जागा, एक टेप, दोन खुंट्या, दोरी आणि चुना एवढंच लागतं. दोन सरळ पट्टे ४० मीटरचे घ्यावेत. त्यांच्या टोकांच्या मधोमध खुंटी ठोकून १८.९० मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं काढावीत. अंतर नेहमी चुन्याच्या रेघेपासून २० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, म्हणजे प्रत्यक्ष त्रिज्या १९.१० धरून फेरी बरोबर २०० मीटर भरते. अशा ८ फेऱ्यांचं सोळाशे होतं. आपली तांबडी माती जानेवारी-फेब्रुवारीनंतर दगडासारखी होते, तेव्हा वळणांवर आदल्या संध्याकाळी पाणी मारलं तर पहाटे पायाला बरं पडतं. वळणाची दिशाही आठवड्यातून दोनदा उलटी करावी, म्हणजे एकाच पायावर ताण येत नाही.

सरावाआधी पाय ताणून धरण्यावर सगळीकडे भर असतो. ऑस्ट्रेलियन सैन्याच्या १५३८ नव्या जवानांवर २००० मध्ये झालेल्या मोठ्या प्रयोगात अशा ताणण्यानं दुखापती कमी झाल्या नाहीत. ज्यांचा दम मुळातच कमी होता त्यांना दुखापती जास्त झाल्या. त्याऐवजी दहा मिनिटं हळू पळणं, गुडघे उचलून चालणं, टाचा मागे मारणं आणि शेवटी ६० मीटरच्या तीन-चार वाढत्या वेगाच्या धावा पुरेत. दर आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त अंतर वाढवू नये हा नियमही सगळीकडे सांगतात. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावपटूंवर २००८ मध्ये तो तपासला, तेव्हा सावकाश वाढवणाऱ्या आणि नेहमीसारख्या गटात दुखापतींचं प्रमाण सारखंच निघालं. म्हणून नुसत्या टक्क्यांवर विसंबू नये. अंतर आणि वेग एकाच आठवड्यात वाढवायचे नाहीत, हे मात्र आम्ही आग्रहानं सांगू.

नडगी दुखली तर घरच्या घरी एक तपासणी करता येते. आतल्या कडेवरून बोट हळूहळू खाली फिरवावं. दुखणं वीतभर पसरलेलं असेल आणि पळायला लागल्यावर थोड्या वेळात कमी होत असेल, तर दोन-तीन आठवडे पळणं निम्मं करून सायकल किंवा पोहणं चालेल. दुखणं बोटाच्या टोकाएवढ्या एकाच जागी असेल, रात्री ठणकत असेल, त्या एका पायावर उडी मारता येत नसेल, तर ते हाडाची चीर समजून लगेच पळणं थांबवावं आणि हाडांच्या डॉक्टरांकडे जावं. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे बहुधा स्वच्छच येतो. एक्स-रेत काही नाही म्हणून पुन्हा पळायला लागणं हीच सर्वांत महागडी चूक आहे. दुखण्याची गोळी खाऊन ग्राउंडवर उतरणं तर त्याहून वाईट. मुलींच्या बाबतीत आणखी एक लक्षण: सराव वाढल्यावर पाळी लांबली किंवा बंद झाली, तर खाणं कमी पडतंय आणि हाड कच्चं होतंय, हे घरच्यांनी ओळखावं. खानापूरकडे नाचणी घरोघरी आहे, १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देते. आंबील-भाकरी सोडून डब्यातल्या पावडरीवर पैसे घालवू नयेत. जेवणाबरोबर चहा मात्र टाळावा, त्यानं लोह अंगी लागत नाही.

बीमबद्दल थोडक्यात. चार निघत असतील तर रोज चारवर दमून लटकण्यापेक्षा दोन-दोनचे सहा-सात सेट दिवसभरात काढावेत, आणि वर चढून पाच सेकंदांत सावकाश खाली उतरण्याचा सराव एक दिवसाआड करावा. झोका देऊन काढलेला बीम मोजला जात नाही. तालमीतला दोर आणि मल्लखांब यासाठी उत्तम आहेत, ते धूळ खात पडू देऊ नयेत. चाचणीत बीम धावण्यानंतर असतो, म्हणून आठवड्यातून एकदा तरी पळून दहा मिनिटांनी बीम काढून बघावा.

शाळा आणि ग्रामपंचायतींनी पहाटे साडेपाच ते साडेसात मैदानाचं फाटक उघडं ठेवावं, एवढी आमची विनंती आहे. आपल्या भागात शारीरिक शिक्षणाचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांनाही एक सांगणं आहे. सहा आठवड्यांचा व्यायाम देऊन दोन गटांची तुलना करणारे प्रबंध बरेच होतात. त्यातल्या काहींनी भरतीच्या पोरांची नोंद ठेवावी: रोज किती मिनिटं पळाला, किती जोरात, कोणत्या जमिनीवर, कोणत्या बुटात, आणि कुठं दुखलं. दुखापत म्हणजे ज्या दुखण्यानं किमान एक दिवस सराव बुडाला ती, अशी व्याख्या आधी ठरवावी आणि दर १००० तास सरावामागे किती दुखापती झाल्या ते काढावं. वही शंभर पानी पुरते, पण ती पहिल्या दिवसापासून भरायला हवी; नडगी गेल्यावर आठवून लिहिलेली नोंद उपयोगाची नसते.

आपले,
काही शारीरिक शिक्षण शिक्षक, खानापूर तालुका