रिसॉर्टवाल्यांनो, आधी अर्थिंग करा!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीचं बुकिंग सुरू झालंय. कोकणातल्या रिसॉर्टांच्या जाहिरातींत घरगुती मासळी आणि स्विमिंग पूलच्या जोडीला ‘ईव्ही चार्जिंग उपलब्ध’ ही ओळही आता दिसते. त्या ओळीवर विसंबून निघणाऱ्यांसाठी आणि ती छापणाऱ्यांसाठी हे पत्र आहे. मी बोर्डात, म्हणजे वीज मंडळात, वायरमन म्हणून लागलो आणि पुढे महावितरणमधून प्रधान तंत्रज्ञ म्हणून निवृत्त झालो. तेव्हा लिहितोय ते ऐकीव नाही.

कराडहून गुहागर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. आमच्या गाडीची बॅटरी ३० युनिटची, खरी धाव दोनशेच्या आसपास. कुंभार्ली घाट उतरताना थोडी वीज बॅटरीत परत जमा होते, पण येताना तोच घाट चढायचा असतो. त्यामुळे मुक्कामावर चार्जिंग हवंच. फोनवर विचारलं तर, “आहे ना काका, बिनधास्त या.” पोहोचल्यावर व्यवस्थापकानं स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक्स्टेंशनचं भेंडोळं बाहेर सोडलं. चार्जर लावला, लाल दिवा. दुसऱ्या बोर्डाला लावला, तिथंही लाल. “गाडीतच काहीतरी बिघाड असणार,” असं त्याचं निदान! टेस्ट लॅम्प माझ्या डिकीत असतोच. फेज-न्यूट्रलवर दिवा लख्ख, फेज-अर्थवर ठार अंधार. मेन बंद करायला लावून बोर्ड उघडला, तर तिसऱ्या पिनला वायरच जोडलेली नाही, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारं अर्थिंगच नाही.

आता हा प्रश्न फक्त माझ्या गाडीचा आहे का? गाडीचा चार्जर अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घ्यायला नकार देतो. बाथरूममधला गिझर असा नकार देत नाही. त्याचा एलिमेंट फुटला आणि अर्थिंग नसलं, तर ओल्या अंगानं नळाला हात लावणाऱ्या पाहुण्याचं काय होईल, हे मी इथं लिहीत नाही. नोकरीत असताना असे पंचनामे पाहिले आहेत. तेव्हा रिसॉर्टमालकांनी गाडीच्या लाल दिव्यावर चिडू नये, त्याच दिवशी वायरमनला बोलवावं. काही मंडळी न्यूट्रल आणि अर्थ एकत्र जोडलेला जुगाडू प्लग जवळ बाळगतात आणि चार्जरला फसवतात. त्यांना हात जोडून सांगतो, तो फेकून द्या. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यातच करंट उतरेल.

आणि मागणी तरी केवढी आहे? हायवेवर लागतो तसा लाखोंचा फास्ट चार्जर रिसॉर्टला कशाला हवा? गाडी रात्रभर उभीच असते. १६ अँपिअरच्या सॉकेटमधून तासाला तीन युनिट गेले, तरी रात्री आठ ते सकाळी सहापर्यंत बॅटरी भरते. हा भार एखाद्या मोठ्या गिझरएवढा. खोल्याखोल्यांतले एसी रात्रभर चालवणारा मालक एका गाडीला का घाबरतो, हे मला उमगलेलं नाही. पार्किंगपर्यंत चार चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), पाऊस न शिरणारी पेटी, सबमीटर आणि खरंखुरं अर्थिंग, एवढंच लागतं. कोकणात जांभ्याचा कातळ उन्हाळ्यात ठणठणीत कोरडा होतो, म्हणून अर्थिंगचा खड्डा खोल घ्यावा, कोळसा-मीठ नीट भरावं आणि मधूनमधून त्यात पाणी ओतावं. दिवाळीतल्या दोन-तीन खोल्यांच्या भाड्यात हे सगळं बसतं. पैसे मीटरप्रमाणे घ्या, युनिटला चार रुपये जास्त घ्या, कोणी कुरकुरणार नाही. मात्र ‘गाडीचे पाचशे वेगळे’ म्हणून वर एक्स्टेंशन हातात देऊ नका. गुंडाळलेलं बारीक एक्स्टेंशन तासाभरात तापतं आणि प्लग वितळतो. ‘परवानगी लागते’ ही सबबही खरी नाही. चार्जिंगची सेवा देण्यासाठी वीजविक्रीचा परवाना लागत नाही, हे केंद्रीय ऊर्जा मंत्रालयानं २०१८ सालीच स्पष्ट केलं आहे. मंजूर भार पुरत नसेल तर तो वाढवून घ्यावा लागेल, इतकंच.

गंमत बघा. कुंभार्ली उतरलं की पोफळी, तिथं कोयनेची वीज तयार होते. कोयना प्रकल्प १,९६० मेगावॉटचा. पुढं गुहागर तालुक्यातच अंजनवेलला एन्रॉनमुळे गाजलेला दाभोळचा वीज प्रकल्प, तोही जवळपास तेवढ्याच क्षमतेचा. या दोहोंच्या मध्ये मी तीन पिनांचा धड सॉकेट शोधत होतो!

राज्याच्या २०२५ च्या ईव्ही धोरणात मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफी आहे, महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगचं उद्दिष्टही आहे. चांगलंच आहे. पण माणूस महामार्गावर मुक्कामाला जात नाही. पर्यटन विभागाकडे कृषी पर्यटन केंद्रांची आणि निवास-न्याहारीच्या घरांची नोंदणी होते. त्या अर्जात एक रकाना वाढवा: पार्किंगमध्ये अर्थिंगसह १६ अँपिअरचा पॉइंट आहे का? सोबत परवानाधारक विद्युत ठेकेदाराचा चाचणी अहवाल मागा. अहवाल नसेल त्यानं ‘ईव्ही चार्जिंग उपलब्ध’ असं छापू नये. सुरुवात पर्यटन महामंडळानं वेळणेश्वर, गणपतीपुळे, हरिहरेश्वर इथल्या आपल्याच निवासांपासून करावी. जिथं पॉइंट आहे तिथं तो तपासून, नाही तिथं दिवाळीच्या आत बसवून, कुठं काय आहे याची यादी बुकिंगच्या पानावर टाकावी.

आपला,
एक निवृत्त प्रधान तंत्रज्ञ, कराड