बरोबर उत्तरावर फुली कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मुलांकडून घरी गणिताचा सराव कसा करून घ्यावा, यावरचा कालच्या पुरवणीतला लेख वाचला. लेखिकेची तळमळ कळते. पण ‘पालकांनी आपली पद्धत मुलांना शिकवू नये, गोंधळ होतो’ या वाक्याने फार राग आला. दुकान बंद केल्यावर हे पत्र लिहायला बसलो आहे.

माझी नात तिसरीत आहे. परीक्षेत ५२ वजा ३८ हे गणित होते. तिने लिहिले : ३८ ला २ दिले की ४०, १० दिले की ५०, वर २, म्हणून १४. त्यावर लाल फुली आणि शेरा ‘रीत चुकली’. गुण शून्य. पालकसभेत मी विचारले तर उत्तर मिळाले, ‘आजोबा, उभी मांडणी केली तरच गुण देता येतात.’ पोरीने त्यानंतर चार दिवस गणिताची वही दप्तरातून बाहेर काढली नाही.

ही रीत ती आमच्या किराणा दुकानात शिकली. शाळा सुटली की गल्ल्याजवळ बसते. अडतीस रुपयांच्या मालाला कोणी पन्नासची नोट दिली की मी सुटे हातावर ठेवत मोजतो, ‘हे दोन, चाळीस झाले, हे दहा, पन्नास.’ माझे वडील असेच मोजत. यात गिऱ्हाइकाची फसवणूक होत नाही आणि दुकानदाराचाही तोटा होत नाही. मग तिसरीच्या पेपरातच ते चूक कसे ठरते?

उभी मांडणी शिकवू नका असे मी म्हणत नाही. मोठ्या रकमांना ती लागते, रोजमेळाच्या बेरजा मीही तशाच करतो. पण दुकानात येणाऱ्या मुलांना मी ५२ वजा ३८ हेच गणित घालून पाहतो. कित्येक जण आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन, म्हणून २६ असे सांगतात. उसना दशक घ्यायचा राहून जातो. अडतीस आणि सव्वीस मिळवले तर साठाच्या वर जातात, हे त्यांच्या लक्षातच येत नाही. ‘असर’ या शिक्षणाच्या स्थितीवरील अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत देशभरातल्या तिसरीच्या मुलांपैकी वजाबाकी जमणारी फक्त ३३.७ टक्के निघाली. असे असताना जिला उत्तर येते तिला फुली मारून काय साधले?

आमच्या दुकानासमोर एक ताई भाजी विकतात. शाळा चौथीतच सुटली. ऐंशी रुपये किलोची गवार पाऊण किलो मागा. अर्ध्याचे चाळीस, पावाचे वीस, साठ द्या, असे तराजू खाली ठेवायच्या आत सांगतात. त्यांचा मुलगा दुसरीत आहे. तुमचा लेख त्यांना सांगतो की मुलाच्या गणितात पडू नका. आधीच कितीतरी आया म्हणतात, ‘आम्हाला हल्लीचं गणित येत नाही.’ त्यांना येते, आणि उत्तम येते! मुलाला शेजारी बसवून हिशेब मोठ्याने बोलला तरी छापील वर्कशीटपेक्षा चांगला सराव होईल. घड्याळ लावून पाढे म्हणून घेण्याची सूचना तर कृपा करून मागे घ्या. घाबरलेल्या मुलाला येत असलेलाही पाढा आठवत नाही.

हल्ली सगळे मोबाइलवरून पैसे देतात, त्यामुळे सुटे पैसे मुलांना दिसतच नाहीत. पालकांनी आठवड्यातून एकदा तरी मुलाच्या हातात नोट देऊन त्याला दुकानात पाठवावे. निघताना विचारावे, किती परत येतील? आम्हा दुकानदारांनीही तो मोजत असताना घाई करू नये.

शिक्षकांपैकी कोणी हे पत्र वाचत असेल तर एकच विनंती. पायऱ्या लिहिलेल्या असतील आणि उत्तर बरोबर असेल, तर गुण द्या. उभी मांडणीच तपासायची असेल, तर तसे प्रश्नातच छापा.

आपला,
एक किराणा दुकानदार, कराड

ता. क. : रविवारच्या बालपानावरचे अंककोडे क्लासच्या जाहिरातीमुळे इतके आक्रसले आहे की चौकटीत आकडा लिहिता येत नाही, आणि उत्तर लगेच खाली छापलेले असते. उत्तर पुढच्या रविवारी द्यावे. नात आणि मी वाट पाहू.