दहा दिवसांची परवानगी आणि आमचे सात महिने

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आमच्या गावाचं नाव या पत्रात लिहीत नाही कारण माझी बांधकाम परवानगीची फाईल अजून तिथेच पडलीय आणि मला घर बांधायचंय. जिल्ह्याचं ठिकाण नाही पण नगरपालिका आहे, एवढं पुरे. आणि मी एकटा नाहीये, आमच्याच कॉलनीत सहा-सात घरं याच लाईनीत उभी आहेत, संध्याकाळी कट्ट्यावर बसलो की हाच विषय.

वडिलांनी १९८३ ला घेतलेला अठराशे स्क्वेअर फुटाचा प्लॉट आहे, मंजूर लेआउटमधला, एनए म्हणजे बिगरशेती झालेला. त्यावर पत्र्याच्या चार खोल्या. पोराचं लग्न बघायचंय आणि हल्ली मुलीकडचे आधी घर बघतात मग पोरगा, म्हणून रिटायरमेंटचे पैसे आणि थोडं लोन असं करून खाली तीन खोल्या वर दोन असं साधं घर बांधायचं ठरवलं. २०२० च्या डिसेंबरात बांधकामाची ती नवी एकत्रिकृत नियमावली आली ना, यूडीसीपीआर म्हणतात ती, तेव्हा सगळ्या पेपरात आलं होतं की दीड हजार फुटापर्यंतच्या प्लॉटला परवानगीची कटकटच नाही आणि तीन हजार फुटापर्यंत दहा दिवसात परवानगी. मी ते कात्रण काढून ठेवलंय. आता साहेबांना दाखवायची हिंमत होत नाही ते सोडा.

दिवाळी झाल्यावर नोव्हेंबरात आर्किटेक्टने ऑनलाईन फाईल टाकली. हिशोब असा होता की डिसेंबरला परवानगी, जानेवारीला पाया, पावसाच्या आत दोन्ही स्लॅब. आज जून संपत आलाय, मागच्या दोन खोल्या पाडून ठेवल्या होत्या (ही माझीच चूक, मान्य) तिथे आता गुडघाभर गवत आहे आणि आम्ही पाच माणसं पुढच्या दोन खोल्यात.

पहिली त्रुटी निघाली ती चोविसाव्या दिवशी, मोजणीची क प्रत (मोजणीच्या नकाशाची प्रत) जुनी आहे, नवीन जोडा. बरं, चूक नाही, भूमी अभिलेखला मोजणीचे पैसे भरले, तारीख मिळाली, मोजणी झाली, प्रत जोडली. मग दुसरी, वडिलांच्या नावात लेआउटच्या नकाशावर एक आडनाव आणि प्रॉपर्टी कार्डावर एक, अॅफिडेव्हिट द्या. दिलं. तिसरी, समोरचा रस्ता लेआउटमध्ये सहा मीटर आहे आणि विकास आराखड्यात नऊ मीटर दिसतो तर समोर मार्जिन वाढवून ड्रॉइंग बदला. बदललं, एक खोली दोन फुटाने कमी झाली, बायको अजून त्यावरून बोलते. चौथी काय असेल सांगा? प्रॉपर्टी कार्ड तीन महिन्यापेक्षा जुनं आहे!! अहो ते तुमच्याकडे पडूनच जुनं झालं ना.

आता यातली एक गोष्ट वाचकांनी नीट समजून घ्यावी म्हणून हे पत्र. नावातला फरक, रस्त्याची रुंदी, क प्रत, हे सगळं पहिल्या दिवशी पण त्याच फाईलमध्ये होतं. एका बैठकीत या तिन्ही त्रुटी काढता आल्या असत्या. पण तसं करत नाहीत आणि का करत नाहीत ते मला माझ्या मेव्हण्याने समजावलं, तो कोर्टात नाझर होता. नगररचनेचा १९६६ चा कायदा आहे त्याच्या कलम ४५ मध्ये लिहिलंय की ६० दिवसात काहीच कळवलं नाही तर परवानगी मिळाली असं मानायचं. मी तर ऐकून खूश झालो. मग त्याने पुढची ओळ वाचली, की ६० दिवस अर्ज दिल्यापासून किंवा त्यांनी जे मागितलं त्याचं उत्तर दिल्यापासून, यातलं जे नंतर असेल ते. म्हणजे दर दोन महिन्याच्या आत एक त्रुटी काढली की घड्याळ परत शून्यावर. आणि समजा चुकून ६० दिवस भरले तरी त्या मानलेल्या परवानगीवर बांधकाम नियमाच्या बाहेर गेलं तर ते अनधिकृतच धरतात, मग त्या कागदावर बँक लोनचा हप्ता सोडेल का तुम्हीच सांगा.

लोकसेवा हक्क कायदा २०१५ चा, त्यात अपील करता येतं, उशीर करणाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड आहे. तेही केलं. उत्तर आलं की आपला अर्ज त्रुटीसाठी अर्जदाराकडे परत पाठवला असल्याने कार्यालयात प्रलंबित नाही. वाचून पाच मिनिटं हसलो मी. खरंच प्रलंबित नाही, कॉम्प्युटरवर बघितलं तर फाईल आमच्या आर्किटेक्टच्या लॉगिनला, त्याने पाठवली की यांच्या लॉगिनला, यांच्याकडून परत त्याच्या. पूर्वी निदान फाईल कुठल्या टेबलावर आहे ते डोळ्याने दिसायचं.

ऑफिसची बाजू पण सांगतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलंय. नकाशे तपासणारे रचना सहायक एकच, त्यांच्याकडे अजून दोन नगरपालिकांचा चार्ज, आमच्याकडे सोमवार गुरुवार. त्यातला एक दिवस मीटिंगला जातो. माणूस वाईट नाही, चहा पाजतो. आणि काही आर्किटेक्टही एकाचं ड्रॉइंग दुसऱ्याच्या नावाने खपवतात हेही खरंय. पण जिन्यात लाचलुचपत खात्याचा १०६४ नंबरचा बोर्ड आहे आणि त्या बोर्डाखालीच बाकड्यावर एक गृहस्थ रोज बसलेले असतात, ते ऑफिसात नोकरीला नाहीत, पण कुणाची फाईल कुठे अडलीय ते त्यांना तोंडपाठ. मला म्हणाले काका एवढं कशाला पळताय. त्यांच्यामार्फत गेलेल्या फाईलीला त्रुटी एकदाच निघते आणि ती पण संध्याकाळपर्यंत मिटते असं कॉलनीत बोलतात, मी काही पुरावा घेऊन बसलेलो नाही.

आमच्या मागच्या गल्लीत एकाने परवानगी न घेता काम काढलं, मार्चमध्ये पाया आणि मे मध्ये वरचा स्लॅब पडला (पडला म्हणजे टाकला हो, कोसळला नाही). त्याला नोटीस आली, ती त्याने फ्रिजवर ठेवलीय. म्हणतो कधीतरी रेग्युलर होईलच. आणि चुकीचं बोलतोय का? गुंठेवारीची, म्हणजे गुंठ्या-गुंठ्याने बेकायदा पाडलेले प्लॉट रेग्युलर करायची, तारीख आधी १ जानेवारी २००१ होती ती २०२१ मध्ये वाढवून ३१ डिसेंबर २०२० केली, पिंपरी चिंचवडला अनधिकृत बांधकामाचा शास्तीकर (दंडाचा कर) २०२३ ला माफ झाला. लाईनीत उभं राहिलेल्याला कधी काय माफ झालंय ते मला दाखवा.

परवानगीच नको असं मी म्हणत नाही बरं का. शिळफाट्याजवळ २०१३ ला इमारत कोसळून ७४ माणसं गेली, महाडला २०२० च्या ऑगस्टमध्ये १६ गेली, ते विसरून चालणार नाही. पण तपासायचं ते साइटवर तपासा ना. सात महिन्यात आमच्या प्लॉटवर ऑफिसचा एक माणूस फिरकला नाही, माती कशी आहे, शेजारच्या भिंतीपासून किती सोडलंय, कुणी टेप लावून बघितलं नाही. सगळी तपासणी आडनावाची आणि कागदाच्या तारखेची.

मागणी एकच आहे. फाईल आली की पंधरा दिवसात जेवढ्या काढायच्या तेवढ्या त्रुटी एकदम लेखी काढा, पन्नास काढा, आम्ही भरतो. त्यानंतर जुन्याच कागदावर नवीन त्रुटी काढायची असेल तर आधी का दिसली नाही ते त्याच साहेबांनी सहीनिशी लिहावं. याला पैसे लागत नाहीत, नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, नगरविकास खात्याने एक पत्रक काढलं तरी होईल.

नवीन प्रॉपर्टी कार्ड काल मिळालंय. सोमवारी अपलोड करून ऑफिसला जाऊन बसणार आहे, गुरुवारी साहेबांची मीटिंग आहे असं आत्ताच कळलं.

आपला,
एक वाचक
(नाव छापू नये ही विनंती, कारण वर दिलंच आहे)