तांबं, निकेल आणि कार्बाइड

प्रिय ताई,

तू फोनवर विचारलंस ना, पेन्सिलीच्या शिशात असतं तेच करायला तुम्हाला हजार डिग्रीची भट्टी कशाला लागते, आणि मागून बाबा हसले, म्हणून आज सविस्तर लिहितोय. तसं तुझं अगदीच चूक नाही, 2004 मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोवोसेलोव्ह यांनी ग्राफाइटला, म्हणजे शिशातल्या कार्बनला, चिकटपट्टी लावून सोलत सोलत एका अणूच्या जाडीचा थर, म्हणजेच ग्राफीन, काढला आणि 2010 ला त्यावर नोबेल मिळालं. पण असे तुकडे बारीक, ते पण मायक्रोस्कोपखाली शोधत बसायचे. त्यापेक्षा थर वाढवलेला बरा, आणि तो कसा येणार हे बरंचसं खालचा पृष्ठभागच ठरवतो, आपलं काही चालत नाही.

तांबं सगळ्यात सोपं. फॉइल क्वार्ट्झच्या नळीत ठेवायचं, हायड्रोजनमध्ये तापवायचं आणि साधारण 1000 डिग्रीला मिथेन सोडायचा. मिथेन तांब्यावर फुटतो, कार्बन सुटतो, पण तांब्यात कार्बन जवळजवळ विरघळतच नाही त्यामुळे तो वरच पसरतो, आणि एकदा सगळं झाकलं गेलं की पुढचा मिथेन फोडायला उघडं तांबंच उरत नाही, काम आपोआप थांबतं, बहुतेक ठिकाणी एकच थर. 2009 ला ऑस्टिनच्या रूऑफ ग्रुपने हे दाखवलं. तांबं 1085 ला वितळतं म्हणजे आम्ही अगदी काठावर असतो, थोडं तांबं उडून नळीच्या थंड टोकाला आतून तांबूस थर धरतं. थर नीट आलाय का बघायचं तर फॉइल हॉट प्लेटवर हवेतच जरा गरम करायचं, जिथे ग्राफीन नाही तिथे लालसर पडतं, बाकी चकचकीत राहतं. एवढी स्वस्त टेस्ट दुसरी नाही!

निकेल उलट स्वभावाचं, गरम असताना कार्बन पोटात घेतं आणि थंड होताना बाहेर टाकतं, तेही जास्त करून धातूतल्या बारीक स्फटिकांच्या, म्हणजे दाण्यांच्या, कडांना, म्हणून कुठे एक थर तर कुठे ढीगभर. गार करायचा वेग सांभाळून थोडं आवरता येतं, पण मला काही ते पटत नाही.

धातूचा खरा त्रास नंतर सुरू होतो. इलेक्ट्रॉनिक्ससाठी थर धातूवरून उचलावा लागतो, वर प्लास्टिकचं कोटिंग, खालचं तांबं फेरिक क्लोराइडमध्ये विरघळवायचं, मग पाण्यावर तरंगणारा पापुद्रा वेफरवर, म्हणजे चिप बनवायच्या पातळ चकतीवर, झेलायचा, यात सुरकुत्या पडतात, फाटतो आणि प्लास्टिक तर पूर्ण निघतच नाही.

म्हणूनच मी सिलिकॉन कार्बाइडच्या बाजूचा. तिथे बाहेरून कार्बन द्यायचाच नाही, सिलिकॉन आणि कार्बनचाच बनलेला हा क्रिस्टल तापवला की सिलिकॉन उडून जातो आणि मागे राहिलेला कार्बन स्वतःच जाळी विणतो. व्हॅक्यूममध्ये सिलिकॉन फार धडाधड उडतो आणि पृष्ठभाग खडबडीत होतो, पण आर्गॉन भरला की सुटलेले अणू आर्गॉनला आपटून परत येतात, वेग मंदावतो, मग 1600 च्या वर जाऊनही काम शांतपणे होतं. क्रिस्टलच्या ज्या बाजूला वर सिलिकॉनचे अणू असतात तिथे पहिला थर दिसायला ग्राफीनच, पण त्यातले साधारण एक तृतीयांश कार्बन खालच्या सिलिकॉनला घट्ट बांधलेले, त्यामुळे तो ग्राफीनसारखा वागतच नाही. याला आम्ही बफर लेअर म्हणतो. त्याच्या खाली हायड्रोजन शिरवला की बंध तुटतात, हायड्रोजन सिलिकॉनला जाऊन चिकटतो आणि वरचा थर मोकळा होतो. इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनच्या (पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन सोडून अणूंची मांडणी बघायची पद्धत) हिरव्या स्क्रीनवर मुख्य ठिपक्यांभोवती बारीक ठिपक्यांची गर्दी असते ना, ती हायड्रोजननंतर विरळ होते, ते बघायला मला अजूनही आवडतं.

कार्बाइडचे वेफर महाग, ही एक तक्रार. दुसरी म्हणजे क्रिस्टलवर अणूंच्या पायऱ्या असतात आणि पायरीच्या कडेचा सिलिकॉन लवकर सुटतो, त्यामुळे दुसरा थर नेमका तिथेच उगवतो, सध्या माझं सगळं डोकं त्यातच आहे. बाबांना वाचून दाखव आणि त्यांचे प्रश्न लिहून ठेव, रविवारी फोन करतो.

तुझा,
धाकटा