मनाच्या आजाराची फाइल अर्थ मंत्रालयात कशाला? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. केंद्रीय आरोग्यमंत्री, भारत सरकार

महोदय, सादर नमस्कार.

दाद न देणाऱ्या नैराश्यावर सिलोसायबिन या औषधाच्या चाचणीला परवानगी द्या, असा अर्ज मी केला होता. गेल्या आठवड्यात मला एका सरकारी कार्यालयाचं उत्तर आलं. ‘आपला विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही. अर्ज संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात येत आहे.’ त्याच कार्यालयातल्या साहेबांनी आधी मला फोनवर शब्द दिला होता की, अर्ज तज्ज्ञांपुढे ठेवू. तो संबंधित विभाग कोणता, तेसुद्धा पत्रात नाही. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितो आहे.

माझ्या पत्नीला नैराश्य आहे. औषधांना दाद न देणारं. आमच्या डॉक्टरांनी एकामागून एक गोळ्या बदलल्या, डोस वाढवले, लिथियम जोडून पाहिलं, शेवटी शॉक ट्रीटमेंट दिली. त्या उपचाराला मी नावं ठेवणार नाही, त्याने अनेकांचे जीव वाचले आहेत. हिलाही थोडा उतार पडला. पण आठवणी पुसट झाल्या. पोळ्या लाटता लाटता ही मध्येच थांबायची आणि विचारायची, “अहो, आपल्या थोरलीचं लग्न कुठल्या कार्यालयात झालं?” हळूहळू आजार परत आला. आता सकाळी चहाचा कप हातात घेऊन बसते, चहावर साय धरते, आणि कप तसाच हातात असतो. शिक्षक म्हणून माझं उभं आयुष्य मुलांना शिकवण्यात गेलं. घरातल्या एका माणसाला पुन्हा हसायला शिकवता येत नाही, याचं दुःख काय असतं ते मंत्रालयाच्या पत्रात मावणार नाही.

माझा अर्ज सिलोसायबिनबद्दल होता. काही जातींच्या अळंब्यांमध्ये हे भास घडवणारं द्रव्य असतं. मेक्सिकोतल्या वाहाका प्रांतात माझातेक लोक या अळंब्या आजाऱ्याला बरं करण्याच्या रात्रीच्या विधीत पिढ्यान्‌पिढ्या वापरत आले. मारिया साबिना या वैदूबाईंनी १९५५ साली एका अमेरिकी बँकरला त्या विधीत बसू दिलं. १९५७ मध्ये त्याने ते मासिकात छापलं, आणि तिच्या गावात हौशी परदेशी लोकांची रीघ लागली. पोलीस आले, गाव तिच्यावर उलटलं, तिचं घर जाळलं. १९५८ मध्ये अल्बर्ट हॉफमन यांनी स्वित्झर्लंडच्या प्रयोगशाळेत ते द्रव्य वेगळं काढलं. पुढे अमेरिकेत त्याचा धिंगाणा झाला, राजकारण झालं, आणि १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ते सर्वांत कडक यादीत गेलं. आपण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात ती भीती जशीच्या तशी उचलली.

ज्यांच्याकडून उचलली, ते मात्र पुढे गेले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सिलोसायबिनला विशेष प्राधान्याचा दर्जा दिला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात २०१६ मध्ये ५१ कॅन्सर रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मृत्यूची धास्ती आणि उदासी, दोन्ही बहुतेकांत सहा महिन्यांनंतरही उतरलेली होती. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरची चाचणी आली: २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसनंतर तीन आठवड्यांनी २९ टक्के लोकांचं नैराश्य जवळजवळ गेलेलं, नाममात्र डोस मिळालेल्यांत ८ टक्के. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून परवानाधारक मनोविकारतज्ज्ञांना हे औषध देण्याची मुभा दिली. माझा भाचा मेलबर्नला असतो, त्याने मला हे सगळं समजावलं.

हा चमत्कार आहे असं माझं म्हणणं नाही. तीन महिन्यांनी अनेकांचा फायदा ओसरतो. ज्यांच्या घरात स्किझोफ्रेनिया आहे त्यांना अशा चाचण्यांत घेतही नाहीत. डोसच्या आधी आणि नंतर थेरपिस्टबरोबर बसावं लागतं, डोसच्या दिवशी तर पाच-सहा तास कोणीतरी शेजारी लागतं. हे मला कळतं, मग आपल्या तज्ज्ञांना का कळू नये? रोगी बघून, डॉक्टर शेजारी बसवून, चाचणीची परवानगी द्या, एवढीच माझी मागणी.

आणि त्यासाठी नवा कायदाही नको! आपल्याच अमली पदार्थ कायद्याच्या कलम ८ मध्ये वैद्यकीय आणि वैज्ञानिक कारणांची सवलत लिहिलेली आहे. १९७१ च्या करारातही आहे. दार आहे, पण किल्ली कोणाकडे? कायदा अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाकडे. धाडी घालणारी संस्था गृह मंत्रालयाकडे. औषधाच्या चाचणीची परवानगी आपल्या अखत्यारीत. माझ्या बायकोचं मन तीन मंत्रालयांत वाटलेलं आहे, आणि तिन्ही जण दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

कोडाईकॅनॉलला मौजेसाठी गेलेल्या पोराला या अळंब्या मिळतात, हे सगळ्या देशाला माहीत आहे. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका आरोपीला जामीन देताना सांगितलं की, अळंबी ही नैसर्गिक बुरशी आहे, ती अमली द्रव्याचं मिश्रण ठरत नाही, म्हणून तिचं सगळं वजन अमली द्रव्यात धरता येत नाही. म्हणजे पकडलेल्या माणसासाठी वकील वजनावरून वाद घालतात, न्यायमूर्ती निकाल देतात. आजारी माणसासाठी कोणी बोलायचं?

या कायद्याने आमचं घर एकदा आधीही पोळलं आहे. नव्वदच्या दशकात माझे वडील घशाच्या कॅन्सरने गेले. जिल्ह्याच्या गावी मॉर्फिन, म्हणजे वेदना शमवणारं अफूपासूनचं औषध, मिळालं नाही. परवान्यांच्या जाचामुळे औषधाची दुकानं आणि दवाखाने ते ठेवायलाच घाबरत. वडील उशी तोंडावर दाबून ओरडायचे, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ती चूक दुरुस्त करायला संसदेला २०१४ उजाडलं. एकोणतीस वर्षं! तेवढी वर्षं माझ्या पत्नीकडे नाहीत.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम १८ प्रत्येकाला उपचाराचा हक्क देतं. पण देशात लाखामागे जेमतेम पाऊण मनोविकारतज्ज्ञ आहे. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केल्या, त्यात आपला महाराष्ट्र पहिला, २२,७४६. शेतकरी गेला की मदतीचा चेक, विद्यार्थी गेला की चौकशी समिती, आणि मग पुढच्या अधिवेशनापर्यंत शांतता. हेल्पलाइनचा नंबर भिंतीभिंतीवर रंगवलात. तो लावल्यावर समोरचा माणूस आपुलकीने बोलतो, पण ज्या रुग्णावर सगळी औषधं हरली त्याला तो काय देणार? माणूस जिवंत असताना त्याच्यासाठी धोका पत्करायची हिंमत या व्यवस्थेत एकाही खुर्चीत नाही, असं मला आता स्पष्ट वाटतं.

तीन मंत्रालयांची एक बैठक बोलवा. मनोविकारतज्ज्ञ त्यात असू द्या, आणि एक रुग्णही. देशातल्या एका तरी सरकारी संस्थेत चाचणी कधी सुरू होणार, ती तारीख जाहीर करा. होणार नसेल तर नकार लेखी द्या, कारणासह, आणि खाली अधिकाऱ्याचं नाव-हुद्दा असू द्या. ‘वर्ग करण्यात येत आहे’ असं पत्र पुन्हा पाठवू नका.

कळावे,
एका रुग्णाचा नवरा, निवृत्त शिक्षक
जि. सातारा