चुंबकीय ड्रेन प्लगची खरी जागा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारीच्या ऑइल चेंबरला साध्या ड्रेन प्लगऐवजी (जुने तेल काढून टाकण्यासाठी तळाशी असलेल्या बुचाऐवजी) चुंबकीय प्लग बसवला की इंजिनाचे आयुष्य वाढते, असे हल्ली सर्रास सांगितले जाते. हा दावा निखालस खोटा नाही. मात्र तो केला जातो इंजिनासाठी आणि लागू पडतो तो प्रामुख्याने गिअरबॉक्सला.

सिलिंडरच्या भिंती, पिस्टन रिंगा, कॅमशाफ्ट, टायमिंग चेन यांच्या झिजेतून निघालेले लोखंडाचे व पोलादाचे कण चुंबक धरतो. पण ॲल्युमिनियमच्या पिस्टनची किंवा बेअरिंगांवरील तांबे, शिसे, कथील यांच्या थरांची झीज त्याला पकडता येत नाही. हवेबरोबर आत शिरणाऱ्या धुळीतील वाळूचे बारीक कण इंजिनाला सर्वाधिक घासतात आणि त्यांचा बंदोबस्त एअर फिल्टरनेच करायचा असतो. शिवाय पंपाने उचललेले तेल बेअरिंगांकडे जाण्याआधी ऑइल फिल्टरमधून गाळले जाते. फिल्टरमधून निसटणारे काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लोहकण चुंबक अडवू शकतो हे मान्य, परंतु तेल ठरल्या मुदतीत बदलणाऱ्याच्या इंजिनात त्याने किती फरक पडेल, याविषयी मला शंका आहे.

मॅन्युअल गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारी दातेरी यंत्रणा) यांची गोष्ट वेगळी. तिथे सहसा फिल्टरच नसतो, पोलादी दात सतत एकमेकांवर घासत असतात आणि तेच तेल दीर्घकाळ फिरत राहते. म्हणूनच अनेक उत्पादक तिथे चुंबकीय प्लग स्वतःच बसवतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तळाच्या पॅनमध्येही बहुधा चुंबक असतातच.

इंजिनाच्या बाबतीत या प्लगचा मला पटणारा उपयोग निदानापुरता आहे. चुंबकावर करड्या मलमासारखा मऊ गाळ दिसला तर ती नेहमीची झीज समजावी. बोटाला टोचणारे तुकडे किंवा चकत्या दिसल्या तर इंजिन तपासून घ्यावे. विमानांच्या इंजिनांत चुंबकीय शोधक याच कामासाठी वापरतात.

विकत घ्यायचाच असेल, तर चुंबक किती उष्णता सोसतो हे आधी विचारावे. साध्या प्रतीचे निओडिमियम चुंबक सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या पुढे क्षीण होऊ लागतात, तर इंजिनातील तेल १०० अंशांच्या आसपास किंवा त्याहूनही अधिक तापते. चुंबक नुसता चिकटवलेला असेल, तर तोच सुटून चेंबरमध्ये पडण्याची भीती असते. तो पक्का दाबून बसवलेला असावा. प्लगचे आटेही तंतोतंत जुळले पाहिजेत, कारण ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे एकदा गेले की दुरुस्तीचा खर्च प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट होतो.

ज्यांच्या गाडीत असा प्लग मुळातच आहे, त्यांनी तेल बदलताना तो आपल्यासमोर पुसून, नवा वॉशर घालून बसवायला मेकॅनिकला सांगावे.

आपला,
एक वाचक